फेकणं, झेलणं, उडी, लंगडी: मुलांना मूलभूत हालचाली शिकवताना

चेंडू खांबाला लागला की टाळ्या पडतात, हुकला की ‘नीट बघून फेक’ असं ऐकू येतं. दोन्ही वेळा मुलाचं कोणतं पाऊल पुढे होतं, कंबर वळली का, हात मागे गेला होता का, हे कोणी पाहिलेलं नसतं. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना हालचाली शिकवायच्या असतील तर नजर चेंडूवरून काढून मुलाच्या अंगावर ठेवायला शिकावं लागतं. चेंडू लागणं या वयात बऱ्याचदा योगायोग असतो. पाऊल कोणतं पडलं यात योगायोग नसतो, आणि सुधारता येतं ते पाऊलच.

मूलभूत हालचालींचे तीन गट मानले जातात. जागा बदलण्याच्या: धावणं, उडी, लंगडी, घोडचाल, बाजूला सरकत धावणं, दोरीशिवायचं स्किपिंग. वस्तू हाताळण्याच्या: फेकणं, झेलणं, लाथ मारणं, टप्पे देणं, फटका मारणं. आणि तोल सांभाळण्याच्या: एका पायावर उभं राहणं, वळणं, वाकणं, पडताना अंग सावरणं. पुढचे सगळे खेळ यांच्यावरच उभे राहतात. ‘मोठं झालं की आपोआप येतं’ हा समज मात्र सोडून द्यावा. वाढत्या वयाबरोबर ताकद येते, उंची येते. खांद्यावरून नीट फेकणं न शिकवता राहिलं तर दहाव्या वर्षीही ते अर्धवटच दिसतं. मग ते मूल चेंडूच्या खेळात मागे राहतं, आणि मागे राहणारं मूल हळूहळू मैदानावर यायचंच टाळतं.

आधी हिशेब करा, मग रांग लावा

तीस मुलं, एक चेंडू, एक रांग. एका फेकीला दहा सेकंद धरले तर पंधरा मिनिटांत नव्वद फेकी होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन. तेच पंधरा जोड्या आणि पंधरा चेंडू घेतले तर त्याच वेळात प्रत्येक मूल ४५ वेळा फेकतं. शिकवण्याची इतर कोणतीही युक्ती एवढा फरक पाडत नाही. म्हणून साहित्य कमी असेल तर खेळ बदलण्याआधी साहित्य वाढवायचं बघा. जुन्या मोज्यांचा घट्ट गोळा, चुरगळलेल्या कागदावर चिकटपट्टी गुंडाळून केलेला चेंडू, १०० ते १५० ग्रॅम धान्य किंवा वाळू भरून शिवलेली पिशवी, हे सगळं फेकायला उत्तम. पिशवीला तर एक खास गुण आहे: ती पडते तिथेच राहते. चेंडूच्या मागे धावण्यात जाणारा वेळ वाचतो.

बाद होणारे खेळ शिकवण्याच्या तासाला नकोतच. ज्याला सर्वात जास्त सरावाची गरज असते तेच मूल सर्वांत आधी बाद होतं आणि उरलेला वेळ बसून पाहतं. असा खेळ घ्यायचाच असेल तर बाद झालेल्याने कडेला पाच उड्या मारून परत यायचं, एवढा बदल पुरतो.

जागेची आखणी मुलं येण्याआधी झालेली असावी. धावण्याच्या शेवटच्या रेषेपासून भिंत किंवा कुंपण किमान तीन मीटर लांब असावं. मुलं रेषेवर थांबत नाहीत, रेषेनंतर थांबतात. फेकताना सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि चेंडू गोळा करायला जायचं ते फक्त खूण मिळाल्यावर, सगळ्यांनी एकदमच. मैदान ओलं असेल तर उड्या आणि पळापळ रद्द. त्या दिवशी झेल घ्या.

सुरुवात थांबण्यापासून

धावायला कोणी शिकवत नाही, थांबायला तर त्याहून कोणी नाही. मैदानावरच्या टकरी बहुतेक थांबता न आल्यामुळे होतात, म्हणून पहिल्या दोन तासांत थांबणं पक्कं करून घ्या. शिट्टी किंवा टाळी झाली की मुलांनी तीन गोष्टी करायच्या: पावलं आखूड, गुडघे वाकलेले, बूड खाली. ‘खुर्चीत बसायला निघालोय असं थांब’ म्हटलं की बहुतेकांना समजतं. ताठ गुडघ्यांनी थांबणारं मूल दोन-तीन पावलं पुढे लडखडतं, कारण वेग खाली उतरवायला त्याच्याकडे वाकलेला सांधाच नसतो. आधी चालताना थांबवा, मग हळू पळताना, मग जोरात पळताना.

ऐकू न येणारं किंवा कमी ऐकू येणारं मूल वर्गात असेल तर शिट्टीबरोबर हातातला रंगीत झेंडा वर करा. ही खूण सगळ्यांसाठीच ठेवली की कोणाला वेगळं वाटत नाही, आणि गोंगाटात ती इतरांनाही उपयोगी पडते.

धावण्यात पाहायच्या गोष्टी चारच. कोपरं काटकोनात वाकलेली, हात पायांच्या उलट हलणारे, मधे एक क्षण दोन्ही पाय हवेत, आणि मागचा पाय बुडाकडे उचलला जाणारा. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे हात छातीसमोर आडवे जाणं. त्यामुळे धड डावी-उजवीकडे वळत राहतं आणि पुढे जायची ताकद त्यात खर्च होते. ‘हात खिशापासून हनुवटीपर्यंत’ असं सांगा आणि जागेवर उभं राहून दहा वेळा करवून घ्या. मुठी आवळलेल्या असतील तर खांदेही आवळतात. अशा मुलाला ‘मुठीत चिमणीचं पिल्लू आहे, ते दाबू नकोस’ एवढंच सांगावं.

लंगडी: मोकळ्या पायाचं काम

लंगडीत सगळे जमिनीवरच्या पायाकडे पाहतात, पण काम शिकवायचं असतं ते मोकळ्या पायाला. चांगल्या लंगडीत मोकळा पाय लंबकासारखा मागून पुढे झुलतो आणि तोच शरीराला पुढे ओढतो. नवशिकं मूल तो पाय समोर ताठ धरून ठेवतं किंवा हाताने मागे पकडतं. पाय हातात धरला की हातही अडकला आणि झोकाही गेला. उरते ती फक्त जमिनीवरच्या पोटरीची ताकद, आणि ती चार उड्यांत संपते.

क्रम असा ठेवा. एका पायावर पाच सेकंद उभं राहणं, नजर समोरच्या एका खुणेवर. नजर जमिनीवर गेली की डोकं पुढे झुकतं आणि तोल जातो, म्हणून खूण डोळ्यांच्या उंचीवर हवी. त्यानंतर भिंतीला एक हात टेकून जागेवर तीन उड्या. मग हात सोडून जागेवर. मग पुढे सलग चार उड्या, आणि थांबायचं. लहान मुलांना एका वेळी चार ते सहापेक्षा जास्त लंगड्या घालायला लावू नयेत. थकलेल्या पायावर टाच आपटत पडायला लागते आणि मूल तीच चुकीची लय पक्की करून घेतं. प्रत्येक फेरीनंतर पाय बदला. आवडता पाय आणि नावडता पाय यांत फरक राहणारच. पण नावडत्या पायावर तीन उड्याही होत नसतील तर त्या पायासाठी पुन्हा भिंतीपाशी जा.

हे सगळं आधी का, याचं उत्तर स्किपिंगमध्ये मिळतं. दोरीशिवायचं स्किपिंग म्हणजे पाऊल टाकायचं आणि त्याच पायावर छोटी लंगडी घ्यायची, मग दुसरं पाऊल, त्यावर लंगडी. ज्याला दोन्ही पायांवर लंगडी येत नाही त्याला स्किपिंग येणं शक्य नाही. एका बाजूला उडी आणि दुसऱ्या बाजूला नुसतं धावतं पाऊल पडत असेल तर ते मूल लय चुकवत नसतं. त्याचा दुसरा पाय अजून तयार नसतो. अशा वेळी टाळ्या वाजवून लय शिकवत बसू नका, त्या पायाची लंगडी शिकवा. दोन्ही पाय तयार झाले की चालण्याच्या वेगाने ‘टाक-उडी, टाक-उडी’ असं मोठ्याने म्हणत करवून घ्या. ‘टाक’ लांब, ‘उडी’ आखूड. वेग मुलं आपणहून वाढवतात.

घोडचाल याआधी येते आणि सोपी असते: एक पाय कायम पुढे, मागचा त्याला गाठायला येतो पण ओलांडत नाही. फक्त पुढचा पाय बदलून दोन्ही बाजूंनी करायला विसरू नये. बाजूला सरकत धावण्यात मात्र एक चूक हमखास होते. दोन-तीन पावलांनंतर कंबर पुढे वळते आणि मूल सरळ धावायलाच लागतं. जमिनीवर रेषा आखा आणि तिच्या एका बाजूला, मधोमध, रेषेकडे तोंड करून स्वतः उभे राहा. ‘पोट माझ्याकडे ठेव’ म्हटलं की कंबर जागेवर राहते.

उडी कानाने तपासा

दोन्ही पायांनी पुढे उडी मारताना आधी उतरणं शिकवावं, झेप नंतर. १५ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून खाली उडी मारायला लावा आणि वर्गाला डोळे मिटून ऐकायला सांगा. ‘धप्प’ असा आवाज आला म्हणजे गुडघे ताठ होते. आवाज जेमतेम आला म्हणजे चवडे आधी टेकले, मग टाच, आणि घोटा-गुडघा-कंबर तिन्ही वाकले. मुलांना हा खेळ आवडतो आणि कोणाच्या अंगाकडे बोट न दाखवता प्रत्येकाला आपली चूक कळते. उतरताना गुडघे आत एकमेकांकडे झुकतात का, तेही पाहा. ‘गुडघा पायाच्या बोटांकडे बघतोय का?’ हा प्रश्न पुरेसा असतो.

उतरणं शांत झालं की झेप. गुडघे वाकव, दोन्ही हात मागे ने, जोराने पुढे आणि वर झोक, दोन्ही पाय एकदम सोड, दोन्ही पाय एकदम टेकव. हात मागे राहणं किंवा पंखांसारखे बाजूला पसरणं ही नेहमीची अडचण. त्यामागे पुढे पडण्याची भीती असते, म्हणून हात मागेच राहून तोल धरतात. मऊ जागेवर, गवतावर किंवा चटईवर उडी घेतली आणि समोर वर एक रिबन धरून ‘याच्यापर्यंत हात पोचव’ म्हटलं की हात आपोआप पुढे येतात. एक पाय आधी सुटत असेल तर अंतर कमी करा. रुंद खड्डा ओलांडायला सांगितला की मूल पाऊल टाकल्यासारखं ओलांडतं; ३० सेंटिमीटरच्या दोन रेषांवर ते दोन्ही पायांनी उडतं. मग थोडं थोडं अंतर वाढवा.

खांद्यावरून फेक: इथे सर्वाधिक वेळ द्या

सगळ्या हालचालींत ही सर्वांत गुंतागुंतीची आहे आणि सर्वांत कमी शिकवली जाते. नवशिक्या मुलाची फेक जवळून पाहा. ते लक्ष्याकडे तोंड करून, दोन्ही पाय जुळवून उभं असतं. चेंडू तळहातात गच्च धरलेला. हात कानापाशी येतो, कोपर समोर, आणि तिथून चेंडू पुढे ढकलला जातो. पाय हलत नाहीत. हललाच तर फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचा पाय पुढे पडतो. धड वळत नाही, त्यामुळे सगळी ताकद कोपरातून येते आणि चेंडू चार-पाच मीटरवर पडतो.

तयार फेकीत चार गोष्टी दिसतात. हात आधी खाली आणि मागे जातो, मगच वर येतो. कंबर आणि खांदे इतके वळतात की न फेकणारी बाजू लक्ष्याकडे येते. फेकणाऱ्या हाताच्या उलट पाय पुढे पडतो. आणि चेंडू सुटल्यावर हात थांबत नाही. अंगासमोरून तिरका दुसऱ्या बाजूच्या कंबरेपर्यंत जातो. चांगली सवय लागलेल्या मुलाचं पुढचं पाऊल त्याच्या उंचीच्या निम्म्याहूनही लांब पडतं.

शिकवताना या चारही गोष्टी एकदम सांगू नयेत. पहिल्या तासाला फक्त पाऊल. उलट पायाच्या बुटावर रंगीत फीत बांधा किंवा जमिनीवर खडूने दोन पावलं काढा: मागचं आडवं, पुढचं लक्ष्याकडे. ‘फीतवाला पाय भिंतीकडे, मग फेक.’ काही मुलांना पाऊल आणि हात एकाच वेळी जमत नाहीत. त्यांना पाय आधीच पुढे ठेवून उभं करा, वजन मागच्या पायावर घ्यायला लावा, आणि वजन पुढे आणत फेकायला सांगा. दुसऱ्या तासाला बाजूने उभं राहणं: ‘खांदा भिंतीकडे, पोट माझ्याकडे.’ तिसऱ्याला हात खाली-मागे नेणं. चौथ्यापर्यंत शेवटचा तिरका हात बहुतेकांचा आपोआप आलेला असतो, कारण जोरात फेकलेला हात थांबवणंच अवघड असतं.

आता एक गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी उलटी केली जाते. सुरुवातीला लक्ष्य देऊ नका. तीन मीटरवर बादली ठेवली आणि ‘यात टाक’ म्हटलं की मूल हुशारीने वागतं: पाय स्थिर, कोपर समोर, हळूच ढकल. त्या कामासाठी तीच हालचाल योग्य असते. आपणच त्याला अर्धवट फेक करायला लावतो आणि मग ‘अंग वळव’ म्हणून ओरडतो. त्याऐवजी पाच-सहा मीटरवर भिंत द्या आणि ‘भिंत वाजव’ असं सांगा. किंवा मोकळ्या जागेत जितकं लांब जाईल तितकं. जोरात फेकायचं म्हटलं की पाऊल, कंबर, खांदा हे सगळे कामाला लागतात. हालचाल बसली की मगच लक्ष्य आणा. तेही मोठं, भिंतीवर खडूने काढलेला मीटरभर रुंदीचा चौकोन.

चेंडू मुलाच्या मुठीत मावेल एवढाच हवा. टेनिसचा चेंडू साधारण साडेसहा सेंटिमीटरचा असतो. पाच-सहा वर्षांच्या बऱ्याच मुलांना तो ठीक, लहान हाताला मोज्यांचा गोळा बरा. मोठा चेंडू एका हातात मावत नाही, म्हणून मूल दोन हातांनी किंवा तळहातावर ठेवून ढकलतं, आणि पुन्हा तीच चुकीची हालचाल पक्की होते. पकड बोटांची असावी, तळहात आणि चेंडू यांमध्ये थोडी फट दिसली पाहिजे. चेंडू आकाशाकडे जात असेल तर तो लवकर सुटतोय. पायापाशी आपटत असेल तर उशिरा सुटतोय, बहुधा तळहातात रुतल्यामुळे.

व्हीलचेअरवर बसून फेकणाऱ्या मुलाची चाकं ब्रेक लावून स्थिर करा, खुर्ची किंचित तिरकी ठेवा म्हणजे धड वळायला जागा मिळते. पावलाच्या जागी त्याच्यासाठी सूचना असते ती खांदा मागे नेण्याची. बाकी सगळं तेच.

झेल बिघडतो फेकीमुळे

जोडीने झेल सुरू केला की पहिल्या पाच मिनिटांत चेंडू सगळीकडे पळत असतात आणि ‘याला झेलता येत नाही’ असं वाटायला लागतं. बऱ्याचदा त्याला झेलता येईल असा चेंडू एकदाही आलेला नसतो. म्हणून झेल शिकवताना समोरच्या मुलाची फेक आधी काढून टाका. मुलाने स्वतःच चेंडू टाकायचा आणि स्वतःच घ्यायचा, किंवा भिंतीने परत द्यायचा.

पायऱ्या अशा. फुगा वर ठोकून दोन हातांत पकडणं. फुगा सावकाश येतो, डोळ्यांना पाठलाग करायला वेळ मिळतो. मग २० ते २५ सेंटिमीटरचा हलका, किंचित कमी हवेचा चेंडू जमिनीवर सोडून उसळल्यावर पकडणं. मग तोच डोक्याएवढा उंच टाकून पकडणं, नंतर मधे एक टाळी. त्यानंतर जोडीदाराकडून एक टप्पा पडून आलेला चेंडू. सर्वांत शेवटी दोन मीटरवरून खालच्या हाताने दिलेला थेट चेंडू. खालच्या हाताची फेक याच वेळी शिकवून टाका: हात मागे, उलट पाय पुढे, चेंडू जोडीदाराच्या छातीकडे.

पाहायचं काय? चेंडू येण्याआधी हात समोर आणि कोपर वाकलेली आहेत का. चेंडू जवळ आल्यावर हात त्याला घ्यायला पुढे जातात का. आणि चेंडू फक्त हातांनी पकडला जातो का, की छातीशी कवटाळला जातो. कवटाळणं ही सुरुवातीची स्वाभाविक पायरी आहे, तिच्यावरून रागवू नये. मोठ्या चेंडूवरून मध्यम चेंडूवर आलं की कवटाळायला जमेनासं होतं आणि बोटं कामाला लागतात. छातीच्या वर आलेल्या चेंडूला अंगठे एकमेकांजवळ, कंबरेखाली आलेल्याला करंगळ्या एकमेकांजवळ. मधल्या उंचीवर मुलं गोंधळतात, तेव्हा ‘गुडघे वाकवून चेंडू छातीसमोर आण’ असं सांगावं.

मान वळवणं आणि डोळे मिटणं ही हट्टाची किंवा आळसाची बाब नाही, ती भीती आहे. कधीतरी कडक चेंडू तोंडावर बसलेला असतो. अशा मुलाला स्पंजचा चेंडू किंवा फुगा द्या, अंतर वाढवा, आणि चेंडूवर ठळक रंगाने एक अक्षर लिहून ‘कोणतं अक्षर दिसलं?’ असं विचारा. ते वाचण्यासाठी त्याला चेंडूकडे बघावंच लागतं. ‘घाबरू नकोस’ म्हणून काहीही बदलत नाही. झेलणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही असं उभं करा, आणि चेंडूचा रंग मागच्या भिंतीपेक्षा वेगळा ठेवा. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा चेंडू कोणालाही उशिरा दिसतो. दृष्टी कमी असलेल्या मुलासाठी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधा. जमिनीवरून सरपटत येताना त्याचा खरखर आवाज येतो.

लाथ आणि टप्पे यांबद्दल थोडक्यात. लाथ मारताना टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी पडला पाहिजे. तो मागे राहिला की मूल वाकून अंगठ्याने टोचतं, आणि तो दुखतो. चेंडूला पायाची आतली बाजू किंवा बुटाची नाडी बांधतो तो भाग लागावा. थांबलेल्या, हवा थोडी कमी असलेल्या चेंडूने सुरुवात करा, दोन-तीन पावलं धावत येऊन, न थांबता. टप्पे देताना चेंडू कंबरेएवढा उसळावा आणि तो बोटांनी खाली ढकलावा. तळहाताने चापट मारली तर चेंडू दर वेळी वेगळीकडे जातो आणि मूल त्याच्यामागे फिरत राहतं.

बोलायचं किती

प्रात्यक्षिक न बोलता दाखवा. हालचाल आणि शब्द एकाच वेळी आले की लहान मूल शब्द ऐकतं आणि हालचाल हुकते. दोनदा पूर्ण वेगाने, एकदा सावकाश. फेक दाखवताना बाजूने, धावणं दाखवताना समोरून. त्यानंतर एकच सूचना, आणि मुलं सरावाला. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या वर जायला नको.

सूचना शरीराच्या भागाबद्दल देण्यापेक्षा परिणामाबद्दल दिली तर सहसा लवकर पकडली जाते. ‘कोपर सरळ कर’ यापेक्षा ‘भिंत वाजव’, ‘गुडघे वाकव’ यापेक्षा ‘आवाज न करता उतर’. प्रत्येक फेकीनंतर बोलू नका. चार-पाच प्रयत्न पाहा, मग एकच गोष्ट सांगा. सतत बोललं की मूल स्वतः अंदाज घेणं सोडून आपल्या तोंडाकडे बघत बसतं. ‘छान’ ऐवजी काय छान झालं ते सांगा: ‘या वेळी फीतवाला पाय पुढे पडला.’

एकच काम सगळ्यांना सारखं अवघड कधीच नसतं. भिंतीपासून तीन, पाच आणि सात मीटरवर तीन रेषा आखा आणि कुठून फेकायचं ते मुलांना ठरवू द्या. बहुतेक मुलं स्वतःला झेपेल तीच रेषा निवडतात. कोणी सगळ्या फेकी सहज भिंतीवर मारत असेल तर त्याला एक रेषा मागे जायला सुचवा.

फेकीचा ४० मिनिटांचा तास असा बसवता येतो: सहा मिनिटं पळणं-थांबणं, त्यातच घोडचाल आणि बाजूला सरकणं. दोन मिनिटं प्रात्यक्षिक आणि सूचना. बारा मिनिटं भिंतीवर जोराची फेक, मधे एकदा थांबवून पुन्हा तीच सूचना. दहा मिनिटं खेळ: मैदानाच्या मधे रेषा, दोन्ही बाजूंना कागदाचे पुष्कळ चेंडू, दोन मिनिटांत जास्तीत जास्त पलीकडे फेकायचे, मग मोजायचे, पुन्हा सुरू. पाच मिनिटं वेगळ्याच गोष्टीला, उदाहरणार्थ लंगडीला. मागच्या आठवड्यातलं विसरू नये म्हणून. उरलेली पाच साहित्य गोळा करायला आणि श्वास शांत करायला. एका कौशल्याला सलग चार ते सहा तास द्यावेत आणि दोन-तीन आठवड्यांनी परत त्याकडे यावं. एकदा आलेली फेक महिनाभर हात न लावता टिकेल असं धरून चालू नये.

नोंद ठेवताना

किती मीटर गेलं यापेक्षा कशी हालचाल झाली याची नोंद उपयोगी. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले डेल उलरिच यांनी तयार केलेली टीजीएमडी-३ (टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट, म्हणजे शरीराच्या मोठ्या हालचालींच्या विकासाची चाचणी, तिसरी आवृत्ती) याच विचारावर बांधलेली आहे. ती ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी असून तीत १३ कौशल्यं आहेत, ६ जागा बदलण्याची आणि ७ चेंडूची. प्रत्येक कौशल्याचे ३ ते ५ निकष. निकष दिसला तर १, नाही दिसला तर ०. मूल दोनदा करतं आणि दोन्हीची बेरीज होते. पूर्ण चाचणी घेण्यासाठी साहित्य आणि सराव लागतो, पण ही पद्धत उसनी घेता येते. एका पानावर नावं, वर चार रकाने: हात मागे, अंग वळलं, उलट पाय, हात तिरका. एका तासाला पाच-सहा मुलंच पाहा, बाकीच्यांकडे त्या दिवशी नोंदीच्या नजरेने बघू नका. पाच तासांत वर्ग पूर्ण होतो. मुलांना कळू न देता, नेहमीच्या सरावातच पाहिलं तर खरी हालचाल दिसते; परीक्षा आहे म्हटलं की मुलं पुन्हा चेंडू लक्ष्यावर मारायच्या मागे लागतात.

एकाच रकान्यात सगळ्या वर्गाला शून्य पडलं असेल तर शिकवण्यात काहीतरी सुटलं आहे; पुढचा तास तिथूनच सुरू करा. एकाच मुलाला जवळपास सगळीकडे शून्य असेल, भरपूर सराव मिळूनही सात-आठव्या वर्षी एका पायावर तीन उड्या होत नसतील, वारंवार अडखळून पडणं, बटणं लावणं आणि लिहिणंही जड जात असेल, तर तो आळशीपणा समजू नये. आधी नजर आणि ऐकणं तपासायला सांगा. मग पालकांशी शांतपणे बोला आणि ही नोंद त्यांच्या हातात द्या. बालरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला ‘खेळात कच्चा आहे’ या वाक्यापेक्षा ‘उजव्या पायावर चार लंगड्या, डाव्यावर एकही नाही, झेलताना दर वेळी मान उजवीकडे वळते’ या दोन ओळींचा कितीतरी जास्त उपयोग होतो.